फौजदारबाईंचे आकडे

आमच्या घरात बिस्किटांचा एक डबा होता आणि त्यावर माझ्या आत्याने वयाच्या अकराव्या वर्षी लिहून ठेवलं होतं, ‘हात लावू नका’. माझे वडील तिचे धाकटे भाऊ आणि खाण्याच्या बाबतीत अट्टल चोर. पण त्या डब्याकडे त्यांनी तीन महिने ढुंकून पाहिलं नाही. शेवटी बिस्किटं सादळली, टाकून द्यावी लागली, तेव्हा आजी वडिलांवरच उखडली. "अरे, मग खायचीस ना!" वडील म्हणाले, "कशी खाणार? तिने लिहिलं होतं."

अक्षर सुंदर होतं म्हणावं, तर तेही नाही. शाळेतल्या बाईंनी तिच्या वहीवर ‘कोंबडीचे पाय’ असा शेरा मारला होता आणि तो शेरा आत्याने अजून जपून ठेवलाय. तिची उभी रेघ जाड सुरू व्हायची आणि फाटत फाटत संपायची. शिरोरेघ ओढताना ती दातओठ खायची आणि ते दातओठ कागदावर दिसायचे. भिंतीवरच्या सुविचारासाठी तिला कोणी कधी बोलावलं नाही. पण न्हाणीघराच्या दारावर तिने ‘आत मी आहे’ असं लिहिलं, त्यानंतर ते दार कोणी ठोठावलं नाही. ती आत नसतानाही.

पुढे ती मंडईच्या ऑफिसात पावत्या फाडायला लागली. मंडईत एक कोपरा होता, तिथे सगळं गाव थुंकायचं. ऑफिसने पैसे मोजून पेंटरकडून चारी बाजूंनी फुलं काढलेली सुबक पाटी लावून घेतली होती. लोक त्या फुलांवर नेम धरायचे. एके दिवशी आत्याने सफरचंदाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, रंगाऱ्याने टाकून दिलेला अंगठ्याएवढा उरलेला ब्रश काळ्या शाईत बुडवला आणि लिहिलं, ‘थुंकू नका’. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ तोंड भरून आले. त्यांनी पाटी वाचली आणि गिळून टाकलं.

तेव्हापासून मंडईत तिचं नाव फौजदारबाई. पावत्यांचं काम सुटलं, मंडईच्या दाराशी तिला टेबल मिळालं आणि गाळेवाले तिच्याकडून पाट्या काढून घ्यायला लागले. कांदे. लिंबं. ताजं. उद्या या. ती एका पाटीवर तीनच्या वर शब्द लिहायची नाही. कोणी लांबलचक मजकूर घेऊन आलं की ती विचारायची, "यातलं गिऱ्हाइकाला काय कळायला हवं?" तो माणूस विचारात पडायचा आणि अर्ध्या तासाने एक शब्द घेऊन परत यायचा.

त्या टेबलाला खुर्च्या मात्र दोन होत्या, कारण आकडे आतोबा काढायचे.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, मूळचे ट्रकवर नंबर रंगवणारे. अक्षरांच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. स्वतःचं नाव लिहायचं म्हटलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. पण आकडा काढावा तर त्यांनी. मंडईच्या दोनशे बारा गाळ्यांवर नंबर टाकायला ते आले होते. सातव्या गाळ्यापाशी खाली उभी राहून एक मुलगी म्हणाली, "तुमचा सात लंगडतोय." आतोबा शिडीवरून उतरले. चार महिन्यांनी लग्न झालं. सातचा निकाल अजून लागायचाय.

वस्तूची पाटी एकदा काढली की वर्षानुवर्षं टिकायची. भाव रोज बदलायचा, म्हणून त्याचं वेगळं छोटं कार्ड खालच्या खिळ्याला अडकवत. सकाळी सहाला भाव फुटला की आतोबांचा ब्रश सुरू व्हायचा. त्यांचा आकडा पाहिला की गिऱ्हाईक पिशवी उघडायचं. घासाघीस नाही, ‘जरा कमी करा ना’ नाही. विषय संपलाय, असा त्या आकड्याचा चेहरा असायचा.

सहा वर्षांपूर्वी आतोबांचा हात थरथरायला लागला. एका सकाळी त्यांनी काढलेला तीन त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. त्यांनी ब्रश धुतला, उन्हात वाळत ठेवला आणि ते घरी गेले, ते पुन्हा मंडईत आलेच नाहीत. भाजी आणायलासुद्धा नाही. दोन्ही कामं आत्याकडे आली. दुसऱ्या खुर्चीवर तिने पुठ्ठा ठेवला, ‘बसू नका’. आतोबा घरी रेडिओपाशी बसू लागले. दुपारी आत्या जेवायला आली की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले.

"खुर्ची आहे ना?"

"आहे."

"आज सात कसा आला?"

"तुमचा यायचा तसाच."

मला वाटायचं, म्हातारा-म्हातारीची जुनी कुरबुर आहे, चालायचंच.

आता यात माझे प्रताप. मी एका डिझाइनच्या ऑफिसात काम करते. बाटल्यांवरची लेबलं, पुस्तकांची कव्हरं, पोस्टर, असलं सगळं. आमच्या साहेबांना एका जॅमच्या लेबलासाठी अक्षरं हवी होती. "गुळगुळीत नको," ते म्हणाले. "हाताने काढलेलं दिसू दे. ओबडधोबड. शाई लागलेली. खरं." मी म्हटलं, माझ्याकडे आहे.

आत्याला मी सांगितलं की तुझ्या अक्षरांचा फॉन्ट करते, मग कोणालाही कॉम्प्युटरवर तुझ्या अक्षरात टाइप करता येईल. ती इतकी हसली की ठसका लागला. "कर की! शाळेत फुकट देत होते तरी कोणी घेत नव्हतं."

मी ऑफिसातून महागडा, दुधासारखा पांढरा कागद नेला. आत्याने त्यावर अ काढला आणि आम्ही दोघी बघत राहिलो. तो अ चांगल्या घरातला वाटत होता. नम्र. पाहुण्यांना पाणी आणून देईल असा. आत्याने नाक मुरडलं. "हा कोणाचा?" मग लक्षात आलं की खरी गंमत पुठ्ठ्यात आहे. पुठ्ठा शाई पितो, ब्रश मध्येच कोरडा पडतो, आत्याला नेहमी घाई असते, आणि या तिन्हींच्या भांडणातून ते अक्षर येतं. मी गुपचूप सफरचंदाची खोकी आणली.

महिनाभर ती लिहीत होती. बिनकामाच्या अक्षरांवर तिचा फार राग. "ङ कशाला हवाय तुमच्या कॉम्प्युटरला? तीस वर्षांत एकानेही माझ्याकडे ङ मागितला नाही." एका ळ वर शाईचा थेंब पडला, तो मी तसाच ठेवला. सगळी अक्षरं झाली, मात्रा झाल्या, उद्गारचिन्ह तर तिने तीनदा काढलं कारण तिला ते आवडलं. शेवटी मी म्हटलं, "आता आकडे."

तिने ब्रश पाण्यात टाकला. "आकडे नाही."

"का गं?"

"हात दुखतोय."

दुसऱ्या दिवशीही हात दुखत होता. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. त्याच हाताने तिने माझ्यासमोर फणसाएवढं कलिंगड कापलं. लेबलाला आकडे लागत नव्हते. साहेबांना घाई होती. फॉन्टला ‘फौजदार’ असं नाव दिलं आणि ऑफिसची जाहिरात म्हणून साहेबांनी तो सगळ्यांना फुकट वाटून टाकला.

जॅमचं लेबल झकास झालं. नाटकाचं एक पोस्टर झालं, रस्त्याच्या पलीकडून वाचता यायचं. रहस्यकथेचं कव्हर झालं. असलं अक्षर मोठं वापरायचं, थोडं वापरायचं आणि भोवती मोकळी जागा सोडायची, एवढं पथ्य पाळलं तर ते कामाला येतं. पण फुकट मिळालेल्या वस्तूचं पथ्य कोण पाळतो? व्यायामशाळेने लावलं. दातांच्या डॉक्टरांनी ‘या, बसा’ लावलं, तर पेशंट उभेच राहायला लागले. ध्यानाच्या वर्गाने ‘श्वास घ्या’ लावलं आणि लोकांचा श्वास अडकायला लागला. एका कंपनीने सव्वातीनशे शब्दांचं माहितीपत्रक अख्खं फौजदारमध्ये छापलं. ते हातात घेतलं की काहीतरी चुकलंय आणि आपणच चुकलोय असं वाटायचं. मी खूश होते. जिथे तिथे बोट दाखवून सांगत होते, ही माझी आत्या.

मंडईत काय चाललंय हे पाहायला मात्र मी गेले नाही.

मंडईत कांदेवाल्याच्या जावयाने फॉन्ट उतरवून घेतला आणि कांद्याची झुळझुळीत छापील पाटी केली. भावाचं कार्डही त्यातच, रोज सकाळी घरच्या प्रिंटरवर. पाटी पाहून लिंबूवाला पेटला, मग बटाटेवाला. पंधरा दिवसांत मंडईभर आत्याचं अक्षर झालं आणि आत्याकडे कुणी फिरकेना. मंडईचे मॅनेजर टेबलापाशी आले. माणूस वाईट नाही, पण रिकामी जागा दिसली की त्यांच्या पोटात दुखतं.

"मावशी, आता तुमच्याकडे काम काही राहिलं नाही. महिनाअखेरीला जागा मोकळी करा. इथे थंड पेयांचं मशीन येतंय. आणि ही खुर्ची तर सहा वर्षं नुसतीच पडून आहे."

हे मला वडिलांकडून कळलं. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आत्याच्या पायावर धोंडा पडला होता आणि तो मी महिनाभर खपून, खोकी वाहून, स्वतः आणून ठेवला होता. रजा टाकून मी मंडई गाठली. आत्या टेबलापाशी वाटाणे सोलत बसली होती.

"आत्या, मला माफ कर गं. मी तो फॉन्ट मागे घ्यायला सांगते."

"उडालेली चिमणी मागे घेणार?" ती म्हणाली. "रडू नकोस. टेबलाचं मला काही नाही. घरच्या ओट्यावर बसून वाटाणे सोलीन. पण ही खुर्ची गेली तर यांना काय सांगू? रोज दुपारी विचारतात."

तेवढं बोलताना ती सोललेलीच शेंग पुन्हा सोलायला लागली. मी आत्याला असं कधी पाहिलं नव्हतं आणि मला माझी भयंकर लाज वाटली. पण लगेच तिने माझ्यापुढे वाटाण्याची टोपली सरकवली. "बस. सोल. आणि समोर बघ, गंमत आहे."

समोर कांदेवाल्याचा गाळा. वर फौजदारमध्ये भलंमोठं ‘कांदे’. खाली भावाचं कार्ड. आणि त्या कार्डावरचा आकडा पाहून माझा हात वाटाण्यातच राहिला. फॉन्टमध्ये जे नसतं, तिथे कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने दुसऱ्या फॉन्टमधलं काहीतरी आणून बसवतो, कोणाला विचारत नाही. इथे त्याने बारीक, गुळगुळीत, अंग चोरून उभे असलेले आकडे बसवले होते. वर फौजदार आणि खाली उमेदवारीला आलेला कारकून.

गिऱ्हाइकाने पाटी वाचली आणि जरा दचकलं. मग भाव वाचला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "काय हो, चाळीस? तीसला द्या." कांदेवाला म्हणाला, "परवडत नाही." मग पस्तीस. मग बत्तीस. मग निघून जायचं नाटक, मग परत. मागे सहा गिऱ्हाइकं ताटकळलेली, त्यांनाही तोवर हुरूप चढलेला. अशी मंडईभर दोनशे बारा गाळ्यांवर घासाघीस चालली होती. कांदेवाल्याचा घसा बसला होता. लिंबूवाला तर हातवारे करून भाव सांगत होता.

"हे कधीपासून?"

"पाट्या लागल्या त्या दिवसापासून," आत्या म्हणाली आणि तिने एक वाटाणा तोंडात टाकला.

तिसऱ्या दिवशी कांदेवाला शर्टाच्या आत पुठ्ठा लपवून आला. इकडेतिकडे पाहून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मावशी, वरचं राहू द्या. खालचा तेवढा आकडा काढून द्या."

"का हो? छापील बरा आहे की. स्वच्छ."

"मावशी, घसा गेला माझा. घरात बायकोशी भांडता येत नाही."

आत्याने आकडा काढला. त्या सकाळी कांद्याच्या गाळ्यावर शांतता होती. लिंबूवाल्याने ती ऐकली. शनिवारपर्यंत टेबलापुढे रांग लागली आणि महिनाअखेरीला मॅनेजर मोजायची टेप घेऊन आले तेव्हा रांग दारापर्यंत गेली होती. ते टेप उलगडायला पुढे सरसावले तर बटाटेवाला म्हणाला, "साहेब, रांगेत या." सवयीने साहेब रांगेत उभे राहिले. पाऊण तासाने नंबर आला तेव्हा आत्याने ब्रश उचलून विचारलं, "कोणता आकडा काढू?" साहेब म्हणाले, "काही नाही, मावशी. मशीन आपण मागच्या दारापाशी लावू. थंड पेयांच्या भावाचं कार्ड तेवढं लागेल."

मी आत्याला मिठीच मारली. "काय डोकं आहे गं तुझं! महिनाभर सगळी अक्षरं दिलीस आणि आकडे हातचे राखलेस. तुला आधीच कळलं होतं हे होणार!"

"मला कसं कळणार? मी काय ज्योतिषी आहे?" तिने ब्रश पुसला. "अक्षर माझं होतं, म्हणून दिलं. आकडे यांचे आहेत. यांचा हात गेला तेव्हा मी सहा महिने यांच्यासमोर बसून गिरवलेत. प्रत्येक आकडा. दुसऱ्याची वस्तू मी कशी वाटू?"

सहा वर्षं ‘आज सात कसा आला’ याला मी कुरबुर समजत होते. तो माणूस रोज आपल्या हाताची खुशाली विचारत होता.

"मग त्यांना विचारायचंस ना, देऊ का म्हणून."

"विचारलं असतं तर हो म्हणाले असते. आता माझा काय उपयोग म्हणून देऊन टाकले असते. म्हणून नाही विचारलं."

आता नवीन अडचण उभी राहिली. दोनशे बारा गाळे, सहाला भाव फुटणार, आठला गिऱ्हाईक येणार आणि हात एक. आत्या नेहमी लागणाऱ्या आकड्यांची काही कार्डं आदल्या दिवशी दुपारीच घरी काढून ठेवायला लागली. अशाच एका दुपारी मीही जेवायला होते. गठ्ठा तिने आतोबांच्या रेडिओशेजारी ठेवला, सगळ्यात वर सातचं कार्ड. माझी नजर गेली. तो सात साफ लंगडा होता. मी सांगायला तोंड उघडलं तर आत्याने माझ्या ताटात भात वाढला. मला नको असताना.

आतोबांनी रेडिओ बंद केला. चष्मा लावला.

"हे काय आहे?"

"सात," आत्या म्हणाली.

"याला सात म्हणतात? कुबड्या द्या त्याला! आणि हे मंडईत लावणार? माझ्या नावावर?"

"घाई होते हो. एकटीने किती करायचं? लोकांना काय कळतंय."

"लोकांना काय कळतंय?" आतोबा उभे राहिले. सहा वर्षांत ते इतक्या चटकन उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. "माझा सदरा इस्त्री कर. उद्या मी येतो. बसून नुसतं बघणार. ब्रशला हात लावणार नाही."

"बघायला या," आत्या म्हणाली आणि आमटी आणायला आत गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला टेकून तोंडात पदर कोंबून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी सहाला आतोबा इस्त्रीचा सदरा घालून मंडईत आले. आत्याने खुर्चीवरचा पुठ्ठा उचलला. ते बसले. वीस कार्डं त्यांनी नुसती बघितली, म्हणजे प्रत्येकाला नावं ठेवली. एकविसाव्याला आत्याने कोरं कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "माझा चहा राहिलाय." आणि खरंच उठून गेली.

पुढे कांदेवाला उभा. मागे रांग. आतोबांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. शेवटी त्यांनी ब्रश घेतला. हात थरथरत होता, शाई टेबलावर उडाली. चार काढायला त्यांना पूर्ण मिनिट लागलं. त्या चाराच्या कडा करवतीसारख्या झाल्या होत्या आणि शून्याचं वर्तुळ जिथे मिटायचं तिथे शाईचे दोन शिंतोडे होते. ऑफिसात कॉम्प्युटरवर तासन् तास घालवूनही मला असा खडबडीतपणा आणता आला नसता. आतोबांचा चेहरा मात्र उतरला.

"फाड हे," ते मला म्हणाले.

कांदेवाल्याने ते माझ्या आधीच उचललं होतं. त्याने समोर नेऊन खिळ्याला अडकवलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे गावभर नावाजलेल्या एक बाई, कोथिंबिरीच्या काडीवरही घासाघीस करणाऱ्या. त्यांनी भाव वाचला. एक पाऊल मागे गेल्या. पुन्हा वाचला. आतोबा खुर्चीत पुढे सरकून बघत होते.

बाईंनी पिशवी उघडली. "दोन किलो द्या," त्या म्हणाल्या, तेही हळू आवाजात.

आत्या चहाचे दोन कप घेऊन परत आली. तिने एक त्यांच्यापुढे ठेवला. आतोबांनी कप बाजूला सारला आणि हात पुढे केला.

"कार्ड दे. लिंबांचा भाव काय फुटलाय? आणि ते सात सगळे इकडे आण. तुला ते कधीच जमले नाहीत."